वाचकांचे प्रश्न : देवादिकांच्या गोष्टी आणि घरातली पोरं

श्रावण तोंडावर आला की या सदराच्या टपालाचा रंग बदलतो. स्वयंपाक, बागकाम मागे पडतं आणि आजी, आई-वडील एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारायला लागतात: मुलांना देवादिकांच्या गोष्टी सांगायच्या कशा? बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, रामदुर्ग, कारवार या भागांतून आलेल्या पत्रांतली सात यावेळी घेतली आहेत. लांबलचक पत्रं आटोपशीर केली आहेत, मजकूर बदललेला नाही.

नातू सात वर्षांचा, इंग्रजी शाळेत जातो. मराठी बोलतो, वाचता येत नाही. श्रावणात मी पोथी लावते, हा दोन मिनिटांत पसार. कुठून सुरुवात करू? – एक आजी, खानापूर

आजी, पोथी तुमच्यासाठी असू द्या, नातवासाठी नको. ‘रामविजय’ ४० अध्यायांचा, ‘पांडवप्रताप’ ६४ अध्यायांचा. आधी नमन, मग संतसज्जनांची विनवणी, मग उपमांवर उपमा. खरी गोष्ट हाताशी येईपर्यंत पोरगं अंगणात पोचलेलं असतं, त्यात त्याचा दोष नाही.

श्रावणातल्या कहाण्या धरा. त्या तोंडी सांगण्यासाठीच घडल्या आहेत. वाक्यं आखूड, गाव एकच, नावं जवळजवळ नाहीतच: राजा, म्हातारी, सून, सावत्र आई. सात वर्षांच्या मुलाला एका बैठकीत दोन-तीन नवी नावं पुष्कळ होतात. महाभारत घराघरांत फसतं ते याच कारणानं. शंतनू, गंगा, देवव्रत, सत्यवती, चित्रांगद, विचित्रवीर्य… पाच मिनिटांत नावांचा ढीग, आणि घडलं काय ते पोराच्या ध्यानातच येत नाही.

पहिली घ्या सोमवारची, खुलभर दुधाची. देवघरातली सगळ्यांत लहान वाटी आणि स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं समोर ठेवा. राजाला वाटलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. गावात दवंडी पिटली: घरातलं होतं नव्हतं तेवढं दूध देवळात आणा. इथं घाई करू नका. वासरू दाव्याला हिसके देतंय, गाय वळून वळून बघतेय, पाळण्यातलं तान्हं रडून रडून निजलंय आणि दूध सगळं घागरींनी देवळाकडे चाललंय, हे एकेक करून सांगा. मग थांबा आणि विचारा, ‘भरेल गाभारा?’ उत्तर येईपर्यंत गप्प बसा. नातू बहुतेक ‘हो’ म्हणेल. गाभारा काही भरत नाही. मग दुपारी म्हातारी येते. घरच्या पोराबाळांना, लेकीसुनांना पाजून झालेलं, वासरांना सोडून झालेलं. उरलेलं वाटीभर दूध ती वाहते आणि गाभारा काठोकाठ भरतो. वाटी त्याच्या हातात द्या, पातेल्यात ओतू द्या.

आता नेहमी बिघडतं ते इथं. म्हातारीनं दूध ओतलं की सांगणाऱ्याच्या तोंडून लगेच निसटतं, ‘कारण तिनं आधी वासरांना पाजलं होतं ना!’ कहाणी स्वतः हे गुपित तिसऱ्या सोमवारपर्यंत राखून ठेवते. पहिल्या सोमवारी गाभारा भरला कसा, कुणाला कळत नाही. दुसऱ्या सोमवारी राजा पहारा बसवतो. तिसऱ्या सोमवारी स्वतः दबा धरून बसतो, म्हातारीचा हात धरतो, ती आधी अभय मागते आणि मग राजाला तोंडावर सांगते की तुझ्या हुकमानं लेकरं-वासरं तळमळली, ते देवाला रुचलं नाही. हे वाक्य तिचंच आहे, तिलाच बोलू द्या. तिन्ही सोमवारांचे शब्द जसेच्या तसे पुन्हा म्हणा. पोरांना पुनरुक्तीचा कंटाळा येत नाही, कंटाळा येतो तो मोठ्यांना.

शेवट ठरलेला: ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.’ तो बदलू नका, गाळू नका. त्यानंतर ‘यातून काय शिकलास?’ हे विचारायचं नाही. विचारलंत की शाळा भरली. त्यानं काही विचारलं तर उत्तर द्या, नाही तर उठा.

वेळेचा अंदाज असा. चार-पाच वर्षांच्या मुलाला पाच ते सात मिनिटं, सहा ते आठच्या मुलाला दहा-बारा, नऊच्या पुढं वीस. तीच गोष्ट आठवडाभर चालवा. तिसऱ्या दिवसापासून वाक्य अर्धं सोडा, तो पुरं करील. आठवड्याच्या शेवटी त्याच्याकडून ऐका. दिवेलागणीनंतर किंवा निजायच्या आधी सांगा. जेवण भरवताना सांगू नये. तोंडात घास असला की पोराला प्रश्न विचारता येत नाही, आणि आपलंही लक्ष गोष्टीपेक्षा ताटाकडेच असतं.

महिनाभरानं पोथी उघडा. त्याला ठाऊक असलेल्या प्रसंगाच्या दोन ओव्या चालीवर म्हणा. दोनच.

मुलगी आठ वर्षांची. ‘हत्तीचं डोकं माणसाला बसतं का? मग गोष्ट खोटीच ना?’ असं विचारते. घरातले म्हणतात, त्या काळी शस्त्रक्रिया होती असं सांग. – एक आई, निपाणी

ते सांगू नका, ताई. शस्त्रक्रियेची थाप मुलगी विज्ञानाचं पुस्तक नीट वाचायला लागेपर्यंत टिकते. मग तिला कळतं की आईनं वेळ मारून नेली होती, आणि त्यासोबत बाकीच्या गोष्टींवरचा विश्वासही जातो. ‘गोष्टीत असं आहे’ हे उत्तर खरं आहे आणि आठव्या वर्षाला पुरतं.

पण आधी तिलाच विचारा, ‘तुला त्यातलं काय खटकलं?’ डोकं बसतं की नाही, हा प्रश्न पुष्कळदा वरवरचा असतो. आत दुसरंच काही असतं. बाबांनी स्वतःच्या मुलाचं डोकं उडवलंच कसं? त्या हत्तीनं काय केलं होतं? आणि लहानग्यांच्या मनात तर भलताच घोर असतो: आई मला दाराशी बसवून आत गेली आणि कुणी आलं तर? हा घोर दिसला तर पुराण बाजूला ठेवून आधी तो घालवा. हत्तीसाठी वाईट वाटत असेल तर वाटू द्या, समजूत घालायला जाऊ नका.

मग एक करा. शिवपुराणातली कथा एका दिवशी सांगा: पार्वतीनं मळापासून मुलगा केला, त्यानं शंकराला दारात अडवलं. दुसऱ्या दिवशी ब्रह्मवैवर्तपुराणातली सांगा: बाळ बघायला सगळे देव आले, शनी मान खाली घालून उभा राहिला, पार्वतीनं आग्रह केला म्हणून त्यानं वर पाहिलं आणि बाळाचं मस्तक गेलं. एकाच गणपतीच्या दोन कथा पुराणांतच आहेत हे ज्या मुलाला लवकर कळतं, ते खऱ्या-खोट्याच्या फेऱ्यात फारसं अडकत नाही. कुठली आवडली, एवढंच विचारा.

थोडी मोठी झाल्यावर ती सरळ विचारील, ‘तू मानतेस का?’ तेव्हा जे असेल ते सांगा. यजमानांचं मत वेगळं असेल तर ते त्यांनी आपल्या तोंडानं सांगावं.

दरवर्षी मार्गशीर्ष पुनवेला आम्ही सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुका-यल्लम्माच्या दर्शनाला जातो. यंदा दहा वर्षांच्या मुलीनं गाडीतच विचारलं, रेणुकेचं डोकं तिच्या मुलानंच का उडवलं? सगळे गप्प बसले. सांगायचं की टाळायचं? – एक वडील, बेळगाव तालुका

सांगायचं. तुम्ही टाळलंत तरी डोंगरावर ती कुणाकडून तरी अर्धंमुर्धं ऐकणारच.

आधी आपल्या मनात दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या. एक महाभारताच्या वनपर्वातली. जमदग्नी आणि रेणुका यांना पाच मुलगे: रुमण्वान, सुषेण, वसू, विश्वावसू आणि धाकटा परशुराम. रेणुका स्नानाला गेली असता तिला चित्ररथ राजा पाण्यात क्रीडा करताना दिसला, तिचं मन क्षणभर ढळलं. आश्रमात परतल्यावर जमदग्नींनी ते ओळखलं. एकेका मुलाला त्यांनी आईला मारायला सांगितलं. चौघं सुन्न उभे राहिले, त्यांनी हात उचलला नाही, म्हणून बापानं त्यांना शाप दिला. परशुरामानं आज्ञा पाळली. जमदग्नी प्रसन्न झाले, वर माग म्हणाले, आणि परशुरामानं सगळ्यांत आधी मागितलं ते हे: आई उठू दे, आणि आपल्याला मारलं होतं हे तिला आठवू नये. भाऊही पूर्वीसारखे व्हावेत, हेही त्यानं मागून घेतलं.

दुसरी आपल्या भागात तोंडोतोंडी चालत आलेली. रेणुका रोज वाळूचा घडा करायची, नागाची चुंबळ करून तो डोक्यावर घ्यायची आणि पाणी आणायची. ज्या दिवशी मन ढळलं त्या दिवशी घडा जमेना, नाग निघून गेला. घडा-नाग वनपर्वात नाहीत. म्हणून ते गाळायचं असं नाही. ‘इकडची माणसं असं सांगतात’ म्हणून सांगा. पाच-सहा वर्षांच्या पोराला तर घडा आणि नाग एवढीच गोष्ट द्या. मलप्रभेच्या काठी ओल्या वाळूचा घडा करून बघायला सांगा. तो ढासळला की रेणुकेचं नवल त्याला आपोआप कळेल.

दहा वर्षांच्या मुलीला पुरी गोष्ट द्या. घाव एका वाक्यात: ‘परशुरामानं परशू चालवला.’ रक्त, धड, शिर काही नको. घाव आणि वर यांच्यामध्ये गोष्ट थांबवू नका. ‘बाकी उद्या’ म्हणायची सवय इतर गोष्टींत चालते, इथं तिनं रात्र काढायची कशी? आई उठली, इथपर्यंत एका दमात यायलाच हवं.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ‘तिचं चुकलं म्हणून’ हे दोन-तीन शब्द. वडीलधारी माणसं ते सहज बोलून जातात. मुलगी त्यातून एवढंच उचलते की बाईनं कुणाकडे पाहिलं तर घरचेच तिचा जीव घेतात आणि ते बरोबर असतं. तिला जमदग्नींचा राग आला तर येऊ द्या. परशुरामानं ‘नाही’ का म्हटलं नाही, असं ती विचारील. त्यालाही तयार उत्तर शोधू नका. चौघं भाऊ हललेसुद्धा नाहीत, याची आठवण द्या आणि तिला वाद घालू द्या. तिनं काही ठरवायचंच झालं तर डोंगरावर डोळे उघडे ठेवून ठरवावं. उदोकार कुणाच्या नावाचा चालतो? बैलगाड्या, बसगाड्या भरून माणसं येतात ती कुणाच्या पायाशी?

डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, घेतलेल्या, भंडारा माखलेल्या, चौंडकं वाजवणाऱ्या, देवीला वाहिलेल्या जोगतिणी, जोगाप्पा त्याच रस्त्यावर दिसतील, त्यांच्याबद्दलही ती विचारणार. दहाव्या वर्षी एवढं सांगता येतं: गरीब घरच्या लहान मुलींना देवीला सोडायची रीत होती, त्यांना लग्न करू देत नसत, लोकांनी त्यांचे फार हाल केले. आपला भाग मुंबई इलाख्यात होता तेव्हा १९३४ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला, पुढं कर्नाटकानं १९८२ चा कायदा केला. आज मुलगी सोडणं हा गुन्हा आहे. आणि समोरच्या बाईकडे बोट दाखवून हे सांगू नका, गाडीत बसल्यावर सांगा.

मुलगा कन्नड शाळेत आहे. तिथं देवाच्या गोष्टी कन्नडमध्ये ऐकतो, घरी आम्ही मराठीत सांगतो. आमचं बोलणंही पुस्तकी नाही. गोंधळ होईल का? – एक जोडपं, चिकोडी

गोंधळ होत नाही, दुहेरी फायदाच होतो. पंचांग दोन्हीकडे अमान्तच, म्हणजे महिना अमावास्येला संपणारं, त्यामुळं श्रावण दोन्ही घरांत एकाच दिवशी लागतो. नागपंचमीला तुमच्याकडे शेतकरी आणि नागिणीची कहाणी असेल, शेजारी झोपाळा आणि नागाला दूध. शाळेतून तो पुण्यकोटी गाईची गोष्ट पाठ करून आलेला असणार, वासराला पाजून येते म्हणून वाघाला दिलेला शब्द पाळणारी ती गाय. घरी आल्यावर ती आजीला मराठीत सांगायला लावा. कन्नडमधून मराठीत आणताना कुठली वाक्यं अडतात ते त्यालाच कळेल, आणि आजीलाही नवी गोष्ट मिळेल.

आपल्या मुलखाला धरून असलेल्या गोष्टी आधी घ्या. गोकर्णाची उत्तम आहे, शिवाय ती गुरुचरित्राच्या सहाव्या अध्यायात असल्यानं पुष्कळ मराठी घरांत पोथीतच सापडते. रावणानं कैलासाहून आत्मलिंग आणलं, अट एकच: वाटेत खाली ठेवायचं नाही. विष्णूनं सुदर्शनानं सूर्य झाकला, रावणाला वाटलं संध्याकाळ झाली, संध्या तर करायलाच हवी. समोर एक पोरगा उभा. हे तुमच्या बोलीतच रंगतं: ‘ए पोरा, हे जरा धर की. आलोच बघ.’ आणि गणपती: ‘धरतो की. पण जड झालं तर तीन हाका मारीन, नाही आलास तर ठेवणार बघ.’ तिन्ही हाका भराभर मारा, पोरं हसतात. पुस्तकी मराठीत हेच वाक्य ‘हे बालका, हे धारण कर’ झालं की गणपतीचा खट्याळपणा संपला. बोलीची लाज वाटू देऊ नका. ठरलेली वाक्यं मात्र, म्हणजे कहाणीचा शेवट, श्लोक, आरती, जशीच्या तशी ठेवा.

संधी मिळाली तर श्रीकृष्ण पारिजाताचा खेळ दाखवा. गोकाक भागातल्या कुलगोडच्या तम्मण्णांशी जोडला जाणारा हा कन्नड लोकनाट्यप्रकार. नारदानं आणलेलं फूल कृष्णानं रुक्मिणीला दिलं आणि सत्यभामा रुसली, ही गोष्ट घरी मराठीत सांगून नेलंत तर भाषा थोडी अडली तरी पोरगं कळून हसतं. खेळ रात्रभर चालतो, पहिले दोन तास पुरेत.

एक गोष्ट कटाक्षानं टाळा. देवांना सीमाप्रश्नात ओढू नका. ‘विठोबा आपला की त्यांचा’ हा वाद मोठ्यांनी चहाच्या टपरीवर घालावा. ज्ञानेश्वरांच्या अभंगात विठ्ठल ‘कानडा’ आहे आणि कन्नड संतकवी पुरंदरदासांच्या पदांखाली ‘पुरंदर विठल’ ही नाममुद्रा आहे, एवढं मुलाला सांगितलं की झालं.

लक्ष्मणरेषा आणि शबरीची उष्टी बोरं मूळ रामायणात नाहीत असं वाचलं. मग सांगू नयेत का? – एक शिक्षिका, रामदुर्ग

खरं आहे, वाल्मीकींच्या अरण्यकांडात दोन्ही नाहीत. तिथं सीतेच्या टोचून बोलण्यानं लक्ष्मण दुखावून निघून जातो, रेषा ओढत नाही. शबरीनं रामासाठी पंपेकाठची रानफळं जमवून ठेवलेली असतात, पण चाखून दिल्याचा उल्लेख नाही. दोन्ही पुढच्या रामकथांतून आणि लोकांच्या तोंडून आलं आहे. सांगा, बेलाशक सांगा. ‘वाल्मीकींत नाही, नंतरच्यांनी घातलं’ हेही त्याच दमात सांगा. पाचवी-सहावीच्या मुलांना विचारा, लोकांनी बोरं का घातली असतील? चांगली उत्तरं येतात. शबरीचं ठिकाण मानलं जाणारं सुरेबानचं शबरीकोळ्ळ तुमच्या तालुक्यातच आहे, वर्ग तिथं नेऊन विचारा.

आमचं मंडळ मारुतीच्या देवळात रविवारी मुलांसाठी गोष्टींचा वर्ग सुरू करतंय. तीस-पस्तीस मुलं येतील. आखणी कशी करावी? शेवटी स्पर्धा ठेवू का? – एक तरुण मंडळ, खानापूर तालुका

पस्तीस मुलं एका वेळी नकोत. पाच ते आठ आणि नऊ ते तेरा असे दोन गट करा, प्रत्येकाला वेगळा सांगणारा. वेळ पाऊण तास: पाच मिनिटं एखादा श्लोक किंवा भजन, पंधरा मिनिटं गोष्ट, पंधरा मिनिटं हातानं काही करणं, दहा मिनिटं मुलांचे प्रश्न. प्रश्नांची दहा मिनिटं कुठल्याही कारणानं कापू नका. रविवारी सकाळी नऊची वेळ धरा. संध्याकाळी क्रिकेटशी गाठ आहे, त्यात तुम्ही हराल. मुलांची तोंडं भिंतीकडे आणि सांगणाऱ्याची पाठ भिंतीला, अर्धवर्तुळात. मुलांची तोंडं दाराकडे असली की येणारा-जाणारा प्रत्येक भक्त गोष्ट तोडतो. माईक लावू नका. माईकवर आवाज हळू करता येत नाही, आणि अर्धी गोष्ट तर हळू आवाजातच असते.

पहिले काही रविवार भागवतातल्या मुलांच्या आणि प्राण्यांच्या गोष्टी घ्या: चौथ्या स्कंधातला पाच वर्षांचा ध्रुव, सातव्यातला प्रल्हाद, आठव्यातले गजेंद्र आणि वामन, दहाव्यातला गोवर्धन. मग वनपर्वातली सावित्री, कठोपनिषदातला नचिकेता. नचिकेता मोठ्या गटालाच.

प्रल्हादाची गोष्ट अशी सांगून बघा. हिरण्यकशिपूनं मागितलेला वर खडूनं फरशीवर लिहा: माणसाकडून नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्रानं नको. लिहून झालं की गोष्ट थांबवा आणि मुलांना पाच मिनिटं द्या: यातून वाट काढा. एक म्हणेल पाण्यात बुडवू. दुसरा म्हणेल पाणी घरात की बाहेर? कुणीतरी एकजण देवळाच्या उंबऱ्याकडे बघतोच. तो बघितला की त्याला उंबऱ्यावर उभं करा आणि तिथून पुढं सांगा: तिन्हीसांज, उंबरा, मांडी, नखं, अर्धा माणूस अर्धा सिंह. पोट फाडण्याचं वर्णन लागतच नाही, कोडं सुटल्याचा आनंद एवढा मोठा असतो. पुढच्या रविवारी हलशीला न्या. कदंबांच्या काळातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ तुमच्याच तालुक्यात आहे; मूर्ती बघताना मुलं स्वतःच एकमेकांना सांगायला लागतात.

हातानं करायला शाडूची माती सोपी, मुलामागं पाव किलो पुरते. दिवाळीच्या आठवड्यात शेणाच्या गवळणी आणि पांडव करा, वर झेंडूची फुलं खोचा, आणि गोवर्धनाची गोष्ट त्याच वेळी सांगा. शहरी पोरं आधी नाक मुरडतात, मग हात धुवायला उठत नाहीत.

स्पर्धा नको. कथाकथनाच्या स्पर्धेला आठ मुलं आई-वडिलांनी लिहून दिलेलं एकच भाषण हातवारे करत म्हणतात, बाकीची सत्तावीस टाळ्या वाजवायला उरतात. त्याऐवजी साखळी लावा: प्रत्येकानं दोन वाक्यं सांगून पुढच्याकडे द्यायची. नाटुकली केली तर भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा. काळ्यासावळ्या, अंगानं दांडग्या मुलाला दरवेळी राक्षस आणि गोऱ्या मुलीला सीता, हे गावोगाव चालतं आणि त्या मुलाला ते जन्मभर आठवतं. मुलीला नरसिंह होऊ द्या. गणपतीत जिवंत देखावा ठेवलात तर दर अर्ध्या तासाला मुलं बदला. तासन्‌तास हात वर करून उभा केलेला इंद्र चक्कर येऊन पडतो.

गावातली लिंगायत, जैन, मुसलमान मुलंही येतील, आलीच पाहिजेत. ‘भागवतात असं आहे’, ‘रामायणात असं आहे’ म्हणून सांगा आणि नमस्काराची सक्ती करू नका.

मुलगा बारा वर्षांचा. कार्टूनमुळं त्याला महाभारत सगळं ‘माहीत’ आहे. कर्ण हीरो, द्रोण व्हिलन. आता त्याला काय सांगायचं? – एक वडील, कारवार

कार्टून जे गाळतं ते सांगा. एकलव्याबाबत तो पुष्कळसा बरोबरच आहे, उगाच द्रोणांची वकिली करू नका. आदिपर्वात द्रोण त्याला निषादाचा मुलगा म्हणून परत पाठवतात. पुढं अर्जुन तक्रार करतो की माझ्याहून वरचढ शिष्य होणार नाही असा शब्द दिला होतात, आणि मग अंगठा मागितला जातो. मुलाला विचारा, या सगळ्यात अर्जुनाचा वाटा किती? तिथं तो अडखळेल.

कर्णासाठी सभापर्व उघडा. द्रौपदीची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे, आणि तिच्या बाजूनं बोलायला उठणारा विकर्ण कौरवांपैकी आहे. हे ऐकल्यावर हीरो-व्हिलनची यादी आपोआप विस्कटते. मग द्रौपदीचा प्रश्न त्याच्यासमोर ठेवा: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, मग मला पणाला लावायचा हक्क त्याला उरला होता का? भीष्मसुद्धा ‘धर्माची गती सूक्ष्म आहे’ म्हणून हात झटकतात. बैठकीच्या खोलीत पाच खुर्च्या मांडा: भीष्म, विदुर, विकर्ण, कर्ण, द्रौपदी. घरातल्या पाचजणांनी एकेक पकडायची आणि आपल्या पात्राच्या बाजूनं बोलायचं. निकाल द्यायचा नाही. पाऊण तासात भांडण जुंपतं, तोवर थांबा.

दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावंडांना महाभारत सांगायचं काम त्याच्यावर टाका. पहिल्या दिवशी तो नात्यांत अडकेल, पांडूचा बाप कोण इथंच गाडी थांबेल. म्हणून आधी एका मोठ्या कागदावर शंतनूपासून परीक्षितापर्यंतच्या सहा पिढ्या त्याच्याच हातानं लिहून घ्या आणि भिंतीला लावा. व्यास आणि भीष्म कुठल्या ओळीत घालायचे यावर त्याला थोडं डोकं खाजवू द्या, चटकन सांगू नका.